शाळेचे फाटक

प्रत्येक शाळेला फाटक असते. आतील मुले रस्त्यावर जाऊ नयेत आणि बाहेरच्या अनोळखी माणसांनी आत शिरू नये, यासाठी ते असते. म्हणून फाटक हे सुरक्षिततेचे साधन समजले जाते. परंतु त्याच फाटकाकडून आणखी एक काम घेतले जाते. शाळेचा विद्यार्थी कोण आणि कोण नव्हे, याचा निवाडा तेथे होतो. शिक्षणविषयक चर्चेत सुरक्षितता आणि समता यांचा विचार बहुधा दोन निराळ्या प्रकरणांत केला जातो. सुरक्षिततेच्या प्रकरणात भिंती, पहारेकरी आणि आग विझविण्याची साधने येतात, तर समतेच्या प्रकरणात शिष्यवृत्त्या, राखीव जागा आणि फीमाफी येते. प्रत्यक्ष शाळा चालविणाऱ्या मुख्याध्यापकापुढे मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी आणि एकाच फाटकाशी येऊन उभे राहतात. त्यांपैकी एकाला उत्तर देण्यासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागतो काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे. केवळ तत्त्वाच्या पातळीवर त्याचे उत्तर शोधण्यापेक्षा, एका मुख्याध्यापिकेने बत्तीस वर्षे एकाच शाळेत जे काम केले ते पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

ही शाळा कलकत्त्यातील (२००१ पासून अधिकृतपणे कोलकात्यातील) सियालदह भागातील लोरेटो डे स्कूल होय. लोरेटो संघाच्या आयरिश धर्मभगिनी १८४१ मध्ये कलकत्त्यास आल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शहरात एकामागून एक शाळा काढल्या. इंग्रजी माध्यम, शिस्त आणि परीक्षांचे चांगले निकाल यांमुळे या शाळांना प्रतिष्ठा लाभली आणि सुस्थितीतील कुटुंबांचा ओढा त्यांच्याकडे राहिला. सियालदहचा परिसर मात्र या प्रतिष्ठेशी सर्वस्वी विसंगत होता. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचे लोंढे सियालदहच्या रेल्वे स्टेशनावर उतरले आणि असंख्य कुटुंबांनी फलाटांवरच दिवस काढले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी निर्वासितांचा आणखी एक लोंढा पश्चिम बंगालमध्ये आला. दक्षिणेकडील खेड्यांतून कामाच्या शोधात लोकलगाडीने येणाऱ्या मजुरांची भर तर नित्यच पडत असे. परिणामी स्टेशनाच्या आसपासच्या पदपथांवर संसार उभे राहिले. त्या संसारांतील मुले कागद, काच, पत्रा वेचत, ओझी वाहत, धाकट्या भावंडांना सांभाळत, आणि शाळेच्या फाटकासमोरून दिवसातून अनेक वेळा ये-जा करीत. आत शाळा भरत होती, परंतु त्या शाळेशी त्यांचा कोणताही संबंध नव्हता.

१९७९ मध्ये या शाळेचे मुख्याध्यापकपद सिस्टर सिरिल मूनी यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १९३६ मध्ये आयर्लंडमधील ब्रे या गावी झाला. वयाच्या विसाव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्या भारतात आल्या आणि पुढील आयुष्य त्यांनी येथेच वेचले. त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. त्या आल्या तेव्हा शाळेच्या पटावर ७९० मुली होत्या आणि त्यांपैकी गरीब घरांतून आलेल्या मुली केवळ ९० होत्या. नव्या मुख्याध्यापिकेने पहिला बदल केला तो या प्रमाणात. फी भरू न शकणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षे अधिकाधिक प्रवेश देण्यात आला. १९९८ पर्यंत पटावरील संख्या सुमारे १४०० झाली आणि त्यांपैकी सुमारे ७०० मुली विनामूल्य शिकत होत्या. म्हणजे नऊ मुलींमागे एक हे प्रमाण दोन मुलींमागे एक इतके झाले.

हे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. गरीब मुलींसाठी निराळी तुकडी, निराळी वेळ किंवा निराळी इमारत करणे हा अधिक सोपा मार्ग होता आणि अनेक नामवंत संस्थांनी तो स्वीकारलेलाही आहे. सकाळी फी भरणाऱ्यांची शाळा आणि दुपारी गरिबांची, अशी व्यवस्था केली म्हणजे दानही घडते आणि कोणाची गैरसोयही होत नाही. परंतु अशा व्यवस्थेतून दोन्ही बाजूंची मुले एक धडा न शिकविता शिकतात: आपण एकमेकांच्या शेजारी बसण्यासारखे नाही. सियालदहच्या शाळेत वर्ग एकच होता, गणवेश एकच होता आणि बाकही एकच होते. फी कोण भरते, हा हिशेब कार्यालयापुरता होता, वर्गापुरता नव्हता. समता हा शब्द ज्याला प्रत्यक्षात उतरवावयाचा आहे, त्याला प्रवेशाच्या अर्जापाशी थांबून चालत नाही. बसण्याची जागा, डब्याची सुट्टी आणि हजेरीचा क्रम येथपर्यंत त्याला यावेच लागते.

तरीही एक वर्ग या सुधारणेच्या बाहेरच राहिला होता. झोपडीत का होईना, परंतु ज्यांना घर होते त्या मुलींना वेळेवर शाळेत येणे शक्य होते. पदपथावर राहणाऱ्या मुलीला ते शक्य नव्हते. तिच्या कमाईवर घरातील एक वेळचे जेवण अवलंबून असे. आठ वर्षांच्या मुलीने अक्षर पाहिलेले नसे, मग तिला कोणत्या इयत्तेत बसवावयाचे? अशा मुलींसाठी १९८५ मध्ये ‘रेनबो’ या नावाने कार्यक्रम सुरू झाला. रेनबो म्हणजे इंद्रधनुष्य. पदपथावरील मुलीने तिला जमेल तेव्हा यावे, जमेल तितका वेळ बसावे आणि शिकावे, अशी त्याची योजना होती. मुलगी तयार झाली म्हणजे तिला तिच्या वयास योग्य अशा इयत्तेत, बहुधा जवळच्या बंगाली माध्यमाच्या शाळेत दाखल करावयाचे, हे त्याचे उद्दिष्ट होते.

परंतु केव्हाही येणाऱ्या आणि केव्हाही जाणाऱ्या मुलीला शिकवावयाचे कोणी? शिक्षिकांचे तास ठरलेले होते. त्यांच्यावर हा भार टाकला असता तर कार्यक्रम पहिल्याच वर्षी मोडला असता. पश्चिम बंगालच्या माध्यमिक अभ्यासक्रमात त्या काळी कार्यशिक्षण हा विषय होता. बहुतेक शाळांत तो कागदकाम, शिवणकाम, शोभेच्या वस्तू अशा गोष्टींत उरकला जाई. सियालदहच्या मुख्याध्यापिकेने हे तास रेनबोसाठी वापरले. पाचवी ते दहावीच्या मुली आपल्या कार्यशिक्षणाच्या तासाला येत, आणि एकेक मुलगी एकेका रेनबो मुलीजवळ बसून तिला वाचावयास, लिहावयास आणि हिशेब करावयास शिकवी. वेळापत्रक असे आखलेले होते की, शाळा सुरू असताना शिकविण्यास कोणी ना कोणी मोकळी असावी. त्यासाठी नवी इमारत लागली नाही आणि नवा शिक्षकवर्गही नेमावा लागला नाही. अभ्यासक्रमातील एका निष्प्राण झालेल्या विषयात प्राण आला, एवढेच घडले.

एका मुलीजवळ एक मुलगी, ही योजना केवळ काटकसरीची नव्हती. पदपथावरील मुलीला गर्दीची सवय असते, पण कोणी आपल्याकडेच लक्ष देत आहे याची सवय नसते. आपले नाव लक्षात ठेवणारी, काल का आली नाहीस असे विचारणारी, थोडीशीच मोठी अशी एक व्यक्ती तिला शाळेत भेटू लागली. शिकविणाऱ्या मुलीलाही काही मिळाले. पुस्तकातील दारिद्र्याला तिच्यापुरते एक नाव आणि एक चेहरा लाभला. याच विचाराने शाळेतील मुली आठवड्यातून एक दिवस शहराबाहेरच्या खेड्यांतील शाळांत जाऊन तेथील मुलांना शिकवीत असत.

येथवरची हकीकत यशाची आहे. परंतु या कार्यक्रमात एक मोठी उणीव होती आणि ती मान्य केल्याशिवाय पुढची सुधारणा समजणार नाही. रेनबो हा दिवसाचा कार्यक्रम होता. सायंकाळ झाली की मुली पुन्हा पदपथावर जात. पदपथावरील मुलीचा खरा धोका अंधार पडल्यानंतर सुरू होतो. उघड्यावर झोपणाऱ्या मुलीला दारूच्या नशेतील माणसाचे, दलालाचे, भरधाव मोटारीचे आणि स्वतःच्याच परिचितांचेही भय असते. दिवसा शिकलेली अक्षरे रात्रीच्या भयात टिकत नाहीत. जी मुलगी रात्रभर जागी राहते ती सकाळी शिकू शकत नाही, आणि एखाद्या दिवशी जी येतच नाही तिचे काय झाले हे कळण्यासही मार्ग नसतो. ज्या कार्यक्रमाने मुलीला दिवसा शाळेची म्हटले, त्याने रात्री तिला पुन्हा कोणाचीही नाही असे ठरविले. समता होती, पण ती शाळेच्या वेळेपुरती होती. आणि सुरक्षितताही तेवढ्याच वेळेपुरती होती.

यावर रूढ उपाय म्हणजे गावाबाहेर एखादे वसतिगृह बांधणे. त्यासाठी जमीन लागते, पैसा लागतो, आणि पुष्कळ वर्षे लागतात. शिवाय अशा वसतिगृहांच्या उंच भिंतींआड काय चालते हे बाहेरच्यांस सहसा कळत नाही, हा अनुभव नवा नाही. सियालदहच्या शाळेने निराळा विचार केला. शहरातील शाळेची इमारत दुपारी शाळा सुटल्यावर रिकामी होते. तेथे पाणी असते, स्वच्छतागृहे असतात, दिवे असतात, पुस्तके असतात, खेळण्यास अंगण असते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फाटक असते. रात्रभर ही सारी संपत्ती कुलपात पडून राहते आणि भिंतीपलीकडे मुले उघड्यावर झोपतात. मग त्या मुलींनी शाळेतच का राहू नये? इमारतीच्या वरच्या भागात, गच्चीवर, त्यांच्या राहण्याची सोय करण्यात आली. दिवसा येणाऱ्या मुलींपैकी ज्यांना रात्री सुरक्षित आसरा नव्हता, त्या शाळेतच राहू लागल्या. जे फाटक त्यांना बाहेर ठेवण्यासाठी होते, तेच आता त्यांच्या पाठीमागे बंद होऊ लागले.

या योजनेत सुरक्षिततेची जी कल्पना आहे ती ध्यानात घेण्यासारखी आहे. या मुलींना इतरांपासून दूर ठेवून त्यांचे रक्षण करावयाचे नव्हते. उलट, दिवसभर शेकडो मुली, शिक्षिका आणि पालक यांच्या वर्दळीत त्यांचे जीवन चालले होते. एखादी मुलगी गप्प झाली, आजारी दिसली किंवा घाबरलेली आढळली, तर ते ओळखणाऱ्या मैत्रिणी आणि शिक्षिका जवळ होत्या. बालकांच्या बाबतीत भिंतीपेक्षा ओळख हे अधिक बळकट संरक्षण असते. ज्या मुलाला कोणी ओळखत नाही, ते मूल सर्वांत असुरक्षित असते. म्हणून समता ही सुरक्षिततेच्या आड येत नाही, तर तिचा पाया ठरते.

हाच विचार शाळेने फाटकाबाहेरही नेला. शहरातील घराघरांत घरकामाला ठेवलेली लहान मुले असतात. ती कारखान्यातील बालकामगारांप्रमाणे दिसत नाहीत, कारण ती दाराआड असतात. शाळेच्या मुलींनी आपापल्या वस्तीत अशा मुलांचा शोध घेतला, त्यांच्याशी मैत्री केली, आणि त्यांना खेळण्यास व शिकण्यास वेळ मिळावा म्हणून मालकांशी बोलणी झाली. मोठ्या माणसाने दार ठोठावले तर ते लागून घेतले जाते, परंतु शेजारच्या मुलीने विचारलेला प्रश्न टाळणे अवघड असते. घरकामासाठी चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यास कायद्याने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. कायदा झाला तरी बंद दाराआडच्या मुलाला तो पोहोचविणारा कोणी तरी लागतो, ही गोष्ट या शाळकरी मुलींच्या कामातून स्पष्ट होते.

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात आणि ते गंभीरपणे घ्यावयास हवेत. पहिला आक्षेप असा की, विद्यार्थिनीने शिकविणे हा प्रशिक्षित शिक्षकाला पर्याय होऊ शकत नाही. हे खरे आहे. रेनबोचे उद्दिष्टही मुलीला नियमित शाळेत पोहोचविणे हेच होते, आणि खेड्यांतील व वस्त्यांतील अल्पशिक्षित तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार करणारे प्रशिक्षणही या शाळेने चालविले. दुसरा आक्षेप असा की, गरीब मुली आल्या म्हणजे शाळेचा दर्जा खालावतो. येथे दर्जा म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. ज्या मुलांच्या घरी पुस्तके आहेत त्यांनाच निवडून घ्यावयाचे आणि मग त्यांच्या गुणांचे श्रेय शाळेने घ्यावयाचे, याला दर्जा म्हणावयाचे असेल, तर तो दर्जा शिकविण्याचा नसून निवडीचा आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. असे काम एका असामान्य व्यक्तीच्या बळावर उभे राहते, आणि ती व्यक्ती गेली की काम ओसरते. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये त्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्या, आणि जून २०२३ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. शाळेच्या रिकाम्या जागेत निराधार मुलींना राहू देण्याची कल्पना मात्र त्यांच्यापाशीच थांबली नाही. हैदराबाद, दिल्ली यांसारख्या शहरांत शाळांच्या आणि इतर संस्थांच्या इमारतींत ‘रेनबो होम’ या नावाने अशी निवासस्थाने उभी राहिली. एका व्यक्तीचा गुण दुसऱ्याला देता येत नाही, पण वेळापत्रक, इमारतीचा वापर आणि प्रवेशाचे नियम यांचे अनुकरण करता येते. या मुख्याध्यापिकेचे काम टिकाऊ ठरले, याचे कारण त्यांनी आपली तळमळ वेळापत्रकात आणि इमारतीत उतरविली.

आता या अनुभवाकडे देशाच्या संदर्भात पाहणे आवश्यक आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती गवती छपरामार्गे वर्गांपर्यंत पोहोचली. जिना अरुंद होता आणि एकाच इमारतीत मुले दाटीवाटीने बसविलेली होती. ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या प्रकरणात न्यायालयाने २००९ मध्ये असे म्हटले की, शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेत शिक्षण मिळण्याचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच वर्षी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या इयत्तेत किमान एक चतुर्थांश जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस देण्याचे बंधन घातले. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयास योग्य इयत्तेत घेऊन विशेष शिक्षण देण्याची तरतूद केली. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली. म्हणजे समता आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याच्या निरनिराळ्या कलमांत आल्या. अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतील, असा निर्णय घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. सियालदहची शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे. कायद्याने इतरांकडून एक चतुर्थांश जागा मागितल्या, त्याच्या कित्येक वर्षे आधी या शाळेने निम्म्या जागा स्वेच्छेने दिल्या होत्या.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ मध्ये आला. असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविले पाहिजे, असे तो सांगतो. आणि आपल्या हाताखालील माणसाने केलेला अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला तो शिक्षेस पात्र ठरवितो. २०१५ च्या बालन्याय कायद्याने निराधार मुलांना निवासासाठी ठेवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि तपासणी आवश्यक केली. म्हणून आज एखाद्या मुख्याध्यापकाने शाळेची इमारत रात्री उघडावयाचे ठरविले, तर केवळ करुणा पुरेशी होणार नाही. रात्रीच्या वेळी जबाबदार स्त्री-कर्मचारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, मुलींना तक्रार करता येईल अशी विश्वासाची जागा, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे दोन मार्ग, आणि बाहेरच्या अधिकाऱ्यांना केव्हाही तपासणी करू देण्याची तयारी, हे सारे करावे लागेल. दयेच्या पोटी मुलांना आसरा दिला आणि त्या आसऱ्यावर देखरेख ठेवली नाही, तर एका धोक्याच्या जागी दुसरा धोका येतो.

अखेरीस मुख्याध्यापकाच्या अधिकाराविषयी थोडे सांगणे उचित होईल. आपल्याकडे शाळेचा प्रमुख बहुधा असे म्हणतो की, अभ्यासक्रम मंडळ ठरविते, वेतन सरकार देते, नियम संचालनालय करते. मग आपल्या हाती काय आहे? सियालदहच्या उदाहरणातून या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. शहरातील दारिद्र्य त्या मुख्याध्यापिकेच्या हाती नव्हते. फाळणी, स्थलांतर आणि बेकारी यांवर त्यांची सत्ता चालत नव्हती. हाती होते ते एवढेच: कोणाला प्रवेश द्यावा, वर्गात कोणी कोणाशेजारी बसावे, कार्यशिक्षणाच्या तासाला काय करावे, आणि शाळा सुटल्यावर इमारतीचे काय व्हावे. या चार साध्या प्रशासकीय निर्णयांतून पदपथावरील मुलीच्या जीवनात दिवस आणि रात्र या दोहोंचा अर्थ बदलला.

भारतातील शहरांत अशा हजारो शाळा आहेत की ज्यांच्या भिंतीला लागून मुले राहतात आणि ती कोणाच्याही पटावर नसतात. त्या शाळांच्या प्रमुखांना कोणी सियालदहचे हुबेहूब अनुकरण करावयास सांगत नाही. त्यांनी एखाद्या सायंकाळी शाळा सुटल्यानंतर फाटकाशी उभे राहून एवढेच पाहावे की, बाहेर कोण आहे, आत काय रिकामे पडले आहे, आणि या दोहोंच्या मध्ये नेमकी कोणती अडचण आहे. ती अडचण पुष्कळदा पैशाची नसते. ती एखाद्या नियमाची, सवयीची किंवा भीतीची असते. आणि या तिन्ही गोष्टी बदलणे मुख्याध्यापकाच्या आवाक्यात असते.